सतरा नंबरचं सपाट पोट

सांगलीच्या गणपतीची शप्पथ, माझ्या चाळीस वर्षांच्या हळदीच्या गिरणीची शप्पथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. घरात मला थापाडी म्हणतात. म्हणू देत. गिरणीचा पट्टा तुटला तेव्हा मी नऊवारी पिळून पट्टा केला आणि अडीच पोती हळद दळली, यावरही कुणाचा विश्वास बसत नाही. पण ही गोष्ट सांगताना मला थापा सुचायच्या नाहीत, कारण मी अजून संतापलेली आहे. संतापलेल्या माणसाला नटवून-सजवून सांगायला फुरसत कुठली?

१

नोव्हेंबर दोन हजार वीस, नऊ तारीख, सोमवार. सकाळी मी कचऱ्याचा डबा बाहेर काढायला गेले, तर शेजारची बर्नी तिच्या पायरीवर बसून हातानं हवेतलं काहीतरी बाजूला सारत होती.

"विभा, बर्फ पडतोय का गं?"

बोलली इंग्लिशमध्येच. तिचं मी माझ्या भाषेत सांगते, तिची काही हरकत नसते.

बर्फ कसला? आभाळ स्वच्छ होतं. मी म्हटलं, "नाही बाई."

"मग माझ्या डोळ्यांत पडतोय," ती म्हणाली. "सगळं पांढरं दिसतंय. आणि डोकं फुटतंय."

मी कुंपणावरून ओरडून नातीला उठवलं. ॲम्ब्युलन्स आली. दोन दिवसांनी इस्पितळातून कळलं, मिथेनॉलची बाधा. म्हणजे विषारी स्पिरिट हो! आपल्याकडे भट्टीच्या दारूत घालतात आणि गावंच्या गावं आंधळी होतात, ते. बर्नी प्यायली नव्हती. ती एका वृद्धाश्रमात साफसफाई करते. कोविडमुळे हात चोळायचं सॅनिटायझर ड्रमनं आलेलं. आठवडाभर ती बिनखिडकीच्या कोठीत बसून ड्रममधनं छोट्या बाटल्या भरत होती आणि त्याचीच वाफ छातीत ओढत होती. म्हाताऱ्यांनी हातावर दोन-दोन थेंब घेतले, ते वाचले.

ड्रमवर नंबर होता सतरा. त्याखाली चिकटपट्टी: तपासले, सुरक्षित.

आणि चिकटपट्टीवर सही माझ्या नातीची, गिरिजाची.

२

गिरिजा माझ्या थोरल्या लेकाची मुलगी. इथं परदेशात मेनूथ गावाजवळच्या एका छोट्या कंपनीत काम करते, राहते जवळच्याच ल्यूकनला. मी मार्चमध्ये तीन महिन्यांसाठी म्हणून आले आणि विमानं बंद झाली. तेव्हापासून आम्ही दोघीच. नोव्हेंबरात तर घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही, कुणाला घरात घ्यायचं नाही, असा कडक लॉकडाऊन. फक्त कामाला जायची मुभा.

हिचं काम काय, तर लांबून विष ओळखायचं. शिवणयंत्राएवढं एक यंत्र. त्यातून हिरवा लेसर निघतो. पन्नास पावलांवर ड्रम ठेवायचा, उघडायचा नाही, जवळ जायचं नाही. किरण प्लॅस्टिकमधून आत जातो, आतल्या पदार्थाला धडकतो आणि थोडासा उजेड रंग बदलून परत येतो. प्रत्येक पदार्थाची रंग बदलायची तऱ्हा वेगळी. कागदावर त्याचे सुळके उमटतात. चांगल्या स्पिरिटचा सुळका एका जागी, विषारीचा दुसऱ्या. मी चाळीस वर्षं गिऱ्हाईकाच्या पिशवीकडे रस्त्यापलीकडून बघून हळदीत भेसळ आहे का ते सांगत आले, त्यामुळे मला हे लगेच पटलं.

दसऱ्याच्या शनिवार-रविवारी ते यंत्र आमच्या घरी होतं. लॅबमध्ये एका वेळी दोनच माणसं सोडत, म्हणून हिनं काहीतरी दुरुस्तीला घरी आणलेलं. आणि खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा करायची नाही? मी सुरी पुजली, किसणी पुजली, गिरिजाचा लॅपटॉप पुजला आणि त्या यंत्राच्या पुढच्या काचेला, त्याचा डोळाच तो, हळद-कुंकवाची दोन ठसठशीत बोटं लावली.

गिरिजा किंचाळली. "आजी! तू काय केलंस!"

पुसली तिनं काच. पण सांगलीची हळद आणि घरचं कुंकू, ते कडेच्या खाचेत राहायचं तिथं राहिलंच.

मंगळवारी, सत्तावीस ऑक्टोबरला, त्याच यंत्रानं चाळीस ड्रम तपासले. बुधवारी सकाळी ड्रम ट्रकमध्ये चढले. आणि आता, अकरा नोव्हेंबरला, हिचा वरिष्ठ डोनल याची ईमेल आली. गिरिजानं ती मला मराठीत वाचून दाखवली.

"यंत्राच्या काचेवर कुठलीशी पिवळी पूड फासली होती, हे मला शुक्रवारी तीस तारखेला कळलं. तोपर्यंत मला कुणीही काही सांगितलं नव्हतं. या हलगर्जीपणामुळे यंत्राला सतरा नंबरमधलं मिथेनॉल दिसलं नाही. येत्या शुक्रवारच्या मीटिंगमध्ये खुलासा करा, नाहीतर राजीनामा द्या."

"राजीनामा दिला तर?" मी विचारलं.

"माझं इथं राहायचं परमिट या नोकरीवर आहे, आजी. आणि ते सोड. बर्नीचे डोळे माझ्यामुळे गेले, असं कायमचं लिहिलं जाईल."

कुंकू मी लावलेलं. म्हणजे बर्नीला आंधळं कुणी केलं? मी?

३

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, डोनल स्वतः दारात. उंच, गोरा, मास्क हनुवटीखाली. इथले लोक अशा माणसाला नाव न घेता 'युअर मॅन' म्हणतात, आपण 'तो बाबा' म्हणतो तसं. बाबा गिरिजाकडचा कंपनीचा लॅपटॉप न्यायला आला होता.

नियमाप्रमाणे दोघांमध्ये दोन मीटर. मी उंबऱ्यात, तो फाटकाशी.

"तुम्हीच का ती आजी?" तो म्हणाला. "पूजावाली?"

"मीच. आणि तुम्हीच का ते साहेब, ज्यांना काचेवरचं इतकं मोठं पिवळं दिसलं नाही?"

"मी यंत्राजवळ जातच नाही, मॅडम. मी संध्याकाळी ऑफिसात बसून सुळके जुळवून बघतो, बास. मला कुणी सांगितलं असतं तर मी तपासणी थांबवली असती! थांबवली असती!"

दोनदा म्हणाला. माणूस एकच वाक्य दोनदा म्हणाला की मी वजनाचा काटा पुन्हा तपासते, ही माझी गिरणीतली सवय.

"बर्नीला भेटलात?"

"कोण बर्नी?"

बघा! जिच्या डोळ्यांवरून माझ्या नातीला काढायला निघालाय, तिचं नावसुद्धा याला माहीत नाही. माझ्या हातात झारा होता. मी तो त्याच्या डोक्यात घातला नाही, याबद्दल मला कुणीतरी बक्षीस द्यायला हवं.

गिरिजानं मुकाट्यानं लॅपटॉप पायरीवर ठेवला आणि मागे सरली. त्यानं पुढे होऊन उचलला आणि गेला.

"त्यात काय होतं गं?" मी विचारलं.

"त्या दिवसाचे मूळ आलेख," ती म्हणाली. "सगळं त्यात होतं. ऑफिसच्या डिस्कवर आहेत, पण आता मला ती उघडता यायची नाही."

वर गेली आणि दार लावून घेतलं.

४

मी एका माणसाची वाटच बघत होते. उपेंद्र. पुण्याचा, गिरिजाच्याच कंपनीतला, आमच्या मागच्या गल्लीत राहतो. गोड बोलणारा. गोड बोलणाऱ्या माणसाच्या हळदीत मी नेहमी चिमूटभर जास्त पाणी घालून बघते, रंग सुटतो का ते. डोनलला हळद-कुंकवाचं सांगितलं होतं ते यानंच. तो चालायला निघालेला दिसला, तशी मी फाटकावरनं हाक मारली.

"उपेंद्र, इकडे ये. चुगलखोर कुठला!"

"आजी, नमस्कार. अहो, काय झालं?"

"गिरिजाची जागा हवीय का तुला?"

बिचारा लाल झाला. "आजी, देवाशप्पथ मी चुगली नाही केली! शुक्रवारी चहाच्या वेळी गंमत म्हणून बोललो. मला काय माहीत, डोनलला ठाऊकच नव्हतं?"

"तुला कधी कळलं?"

"मंगळवारीच की. सकाळी गिरिजा, दुपारनंतर मी, असे आम्ही बसलो यंत्रावर. एक ते वीस तिनं, एकवीस ते चाळीस मी. तिथं पटांगणात आम्ही फक्त शूट करतो. फोटो काढावा तसं. कुठल्या ड्रममध्ये काय आहे ते संध्याकाळी ऑफिसात जुळवल्यावर कळतं. पण स्क्रीनवर मूळ आलेख दिसतो ना! प्रत्येकाच्या बुडाशी हा एवढा फुगवटा. हिरव्या लेसरखाली कुंकू चमकतं, त्याचा. मी म्हटलं, गिरिजा, खंडेनवमी जोरात झालेली दिसते! यंत्राला नमस्कारसुद्धा केला मी."

"मग त्या फुगवट्यानं विष लपलं का रे?"

"छे! सुळके त्याच्यावर स्पष्ट उभे होते. आणि ऑफिसातलं सॉफ्टवेअर फुगवटा आपोआप छाटून टाकतं, तिथं आलेख सपाटच दिसतो. म्हणून तर मला कळत नाहीये, आजी. सतरा नंबर सुटला कसा?"

मलाही कळत नव्हतं. म्हणून मी तळण काढलं. मी रागावले की तळते.

५

दिवाळी दोन दिवसांवर. शंकरपाळे तळले, चकल्या तळल्या. तेल निथळायला आपण वर्तमानपत्र पसरतो. इथं वर्तमानपत्र कुठलं? जेवणाच्या टेबलावर गिरिजाचा छापलेल्या कागदांचा गठ्ठा पडला होता. पसरला मी. चाळीस कागद होते, टेबल भरलं, दोन ओटे भरले.

दुपारी गिरिजा खाली आली आणि दारातच थिजली.

"आजी... ते काय आहे शंकरपाळ्यांखाली?"

"कागद. का?"

"लॅपटॉप नेण्याआधी मी काल मूळ आलेख छापून ठेवले होते ते!" आणि ती रडता रडता हसायलाच लागली. "एवढी एकच प्रत होती. वा, आजी. आधी कुंकू, आता तेल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकेक कागद उचलून झटकायला लागले. तेलानं कागद आरपार दिसायला लागलेले, पण रेघा शाबूत होत्या. एक, दोन, तीन. प्रत्येक आलेखाच्या बुडाशी फुगवटा, उपेंद्र म्हणाला होता तसाच. डोहाळजेवणाला बायका ओळीनं बसाव्यात तशी पोटं. चौदा, पंधरा, सोळा.

पुढचा कागद उचलला आणि माझा हात थांबला.

"गिरे, ही कुणाची गं? हिला पोटच नाही."

तिनं कागद ओढून घेतला. नंबर सतरा. बुडाशी रेघ सपाट, पाटासारखी.

"हे शक्य नाही," ती पुटपुटली. "त्या दिवशी कुंकू खाचेत होतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. सपाट येऊच शकत नाही. मी सुळकेच बघत बसले, बुडाकडे बघितलंच नाही..."

"म्हणजे?"

"म्हणजे हा आलेख त्या दिवसाचा नाहीच, आजी. दसऱ्याच्या आधीचा कुठलातरी चांगल्या ड्रमचा आलेख काढून कुणीतरी सतराच्या जागी ठेवलाय."

माझं कुंकू गुन्हेगार नव्हतं. साक्षीदार होतं.

पण ठेवला कुणी? गिरिजा म्हणाली, संध्याकाळची जुळवणी डोनल करतो. पण दर दिवसाच्या आलेखांचा गठ्ठा ऑफिसच्या डिस्कवर असतो आणि तो चौघांना उघडता येतो: डोनल, उपेंद्र, ती स्वतः आणि नोंदी ठेवणाऱ्या पद्मिनीताई. त्याच दिवसाचा दुसरा आलेख का नाही ठेवला? कारण एका गठ्ठ्यात दोन जुळे लगेच दिसले असते. जुना गठ्ठा कोण उघडतंय?

"पद्मिनीला फोन लाव," मी म्हटलं.

पद्मिनी मुंबईची. बोलणं मोजूनमापून. "आजी, मला यावर बोलता येणार नाही."

"बोलू नका. एवढंच सांगा, मंगळवारी काचेवर डाग आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

फोनमध्ये कपाट उघडल्याचा आवाज आला. गिरिजा त्या कपाटाला प्रेस म्हणते, इथल्यासारखं. "लॉगबुक माझ्याकडेच आहे," पद्मिनी म्हणाली. "गिरिजानं सकाळीच मला विचारलं होतं. काचेच्या खाचेत डाग, आलेख बुडाशी फुगतो, मर्यादेत आहे. नऊ चाळीस. खाली तिची सही, माझी सही."

मी फोन ठेवला आणि गिरिजाला म्हटलं, "ती ईमेल परत वाच. मधलं वाक्य."

तिनं वाचलं. आणि लगेच तेलकट कागद नंबरवार लावायला बसली.

६

शुक्रवारी दुपारी झूमवर मीटिंग. कंपनीची मुख्य बाई, ओर्ला, कॉर्कला बसलेली. डोनल, उपेंद्र, पद्मिनी आपापल्या चौकटीत. गिरिजा आमच्या टेबलाशी, तिच्या फोनवर. मी कॅमेऱ्याच्या बाहेर, झाऱ्यासकट. गप्प बसायचं मी कबूल केलं होतं.

डोनल दहा मिनिटं बोलला. पिवळी पूड, अंधश्रद्धा, सुरक्षेची संस्कृती.

"डोनल," गिरिजा म्हणाली, "काचेवरचा डाग तुम्हाला नक्की कधी कळला?"

"शुक्रवारी, तीसला. लिहिलंय मी तसं. सगळ्यांनी माझ्यापासून लपवलं!"

"त्याआधी अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

तेव्हा तिनं तेलकट कागद एकेक करून कॅमेऱ्यासमोर धरले. "ही पंधरा नंबरची रेघ, ही सोळाची. बुडाशी फुगवटा दिसतोय? तो या डागाचा. एकोणचाळीस कागदांवर तो आहे. आणि ही सतराची."

ओर्ला पुढे वाकली. "कागदाला काय झालंय?"

"शंकरपाळे," मी म्हटलं. राहवलंच नाही.

"सतराचा आलेख बदलला गेलाय," गिरिजा म्हणाली. "जुळवणी मंगळवारी संध्याकाळी झाली, ड्रम बुधवारी सकाळी गेले. म्हणजे अदलाबदल त्या मधल्या वेळात. मी केली असती तर सपाट आलेख ठेवलाच नसता, डागाची नोंद मीच केलीय. उपेंद्र अख्खी दुपार ते फुगवटे बघत होता. पद्मिनीताईंनी सकाळीच सही केली. सपाट आलेख फक्त असाच माणूस ठेवेल, ज्याला त्या संध्याकाळी फुगवट्याचा पत्ताच नव्हता. ऑफिसच्या स्क्रीनवर सगळे सपाटच दिसतात. चौघांत असा माणूस एकच आहे. आणि हे मी म्हणत नाही. त्यांच्या ईमेलमध्ये लिहिलंय."

डोनलनं हात झटकले.

"हा तर्क झाला," तो म्हणाला. "पुरावा कुठाय?"

आणि मग जी कधी शब्द वाया घालवत नाही ती पद्मिनी बोलली. "पुरावा माझ्याकडे आहे. काल फोननंतर मी जुने गठ्ठे उघडले. बावीस सप्टेंबर, ड्रम नंबर सहा. सुळके तेच. आणि तळाशी जी बारीक थरथर असते, गवतासारखी, तीसुद्धा तीच. दोन वेगळ्या शूटमध्ये गवत कधीच सारखं उगवत नाही, डोनल."

उपेंद्र मध्येच म्हणाला, "त्या संध्याकाळी जुळवताना सॉफ्टवेअरनं सतरा विषारी म्हणून लाल दाखवला ना, सर?"

तेव्हा डोनल फुटला. "ट्रक ठरलेला होता," तो म्हणाला. "एकच तर ड्रम होता. लाल कधीकधी चुकूनही येतो. अख्खा लॉट परत तपासायला पाच दिवस गेले असते."

एकच तर! मी खुर्ची ढकलून कॅमेऱ्यासमोर आले. मराठीतच बोलले, जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण शेवटचं वाक्य मी इंग्लिशमध्ये सांगितलं, त्याला कळावं म्हणून.

"तिचं नाव बर्नी आहे."

त्याची चौकट काळी झाली.

७

सतरा नंबर परत आणला. गिरिजानं पन्नास पावलांवरून लेसर मारला, विषाचा सुळका जिथं उभा राहायचा तिथं राहिला. बाकीचे एकोणचाळीस ड्रमही परत मागवून तपासले, ते चांगले निघाले. डोनल गेला, 'कौटुंबिक कारणास्तव'. त्याला निरोपाचं कार्ड दिलं म्हणे, सगळ्यांच्या सह्यांचं. पद्मिनीनं सही केली नाही. आमच्याकडे चॉकलेटचा डबा आला आणि पत्र: उत्तम सांघिक काम. माफीचा शब्द नाही! डबा मी परत पाठवणार होते, पण त्यात काजू होते.

आता गिरिजा रोज सकाळी काचेच्या कोपऱ्यात एक सूक्ष्म ठिपका लावते, रोज वेगळ्या रंगाचा. त्या दिवसाच्या प्रत्येक आलेखावर त्याची खूण उमटते, म्हणजे शिळा आलेख ताजा म्हणून खपत नाही. ओर्लानं त्याला लांबलचक इंग्लिश नाव ठेवलंय. आम्ही त्याला पूजाच म्हणतो.

आणि बर्नी. फेब्रुवारीत, दोन हजार एकवीस, ऊन पडलं होतं. मी दारात चकल्यांचा डबा घेऊन उभी होते. बर्नी कुंपणापाशी आली. मी म्हटलं, "ओळख, किती आहेत?" तिनं वीस फुटांवरून नुसतं बघितलं आणि म्हणाली, "अकरा, विभा. आणि एक मोडलेली."

झाली गोष्ट. यातला शब्द न् शब्द खरा, असं मी म्हटलं होतं.

नऊवारीचा पट्टाही खराच आहे, हवं तर सांगलीत विचारा. पण एवढं एक मी रचलं. बर्नी कुंपणापाशी आली, ते खरं. मी विचारलं, ते खरं. वीस फुटांवरून बघितलं, ते खोटं. मी डबा तिच्या हातात दिला, आणि तिनं बोटांनी एकेक चाचपून मोजल्या.

अकरा. आणि एक मोडलेली. आकडा बरोबर होता.